उन्हाकडे तोंड करून

कारभारी बाजारात शिरला की विकायला बैल आणलेले मालक उगाच खाकरायला लागत. बैल पळणारा असो, ओढणारा असो, नाहीतर नुसताच देखणा असो, कारभारीला त्याच्या शिंगांशी, रंगाशी आणि मालकाच्या बढायांशी काही देणंघेणं नसे. तो बैलाचं तोंड उन्हाकडे वळवायचा, एका हाताने नाकपुड्या धरायचा, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवायचा आणि खालचा ओठ उलटून क्षणभर बघायचा. मग ओठ सोडून देत म्हणायचा, "चार दाती." किंवा, "जुळलाय. आता उतरणीला." संपलं. मालकाने देवाची शपथ घेतली तरी त्यात फरक पडत नसे.

बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. दुधाचे पडून त्या जागी पक्के दात जोडीजोडीने येतात, त्यावरून वय कळतं. आठही आले की बैल जुळला. हे पारनेर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. कारभारी त्याच्यापुढचं सांगायचा. जनावर कडब्यावर वाढलंय की उसाच्या वाढ्यावर, दावणीला कुठल्या बाजूने बांधतात, पोटभर खायला मिळतं की दोरखंड चघळत बसावं लागतं, हे सगळं तो दातांवरून वाचायचा. वाळकी, काष्टी, घोडेगाव, सगळ्या बाजारांत मिळून त्याने किती तोंडं उघडली असतील याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. एक मात्र खरं. इतकी तोंडं बघितलेल्या या माणसाने स्वतःचं तोंड सत्तर वर्षांत एकदाही नीट बघितलं नव्हतं, आणि बायकोचं बघायचं असतं हे तर त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हे त्याला कळलं ते शहरात, सावेडीला, मुलाकडे गेला तेव्हा. मुलगा हनुमंत कंपनीत कामाला, सून पूजा, आणि आठ वर्षांची नात. गुरुवारी सकाळी पूजा नातीला घेऊन दातांच्या दवाखान्यात निघाली.

"पोरीचं काय दुखतंय?" कारभारीने विचारलं.

"काही नाही मामा. दर सहा महिन्यांनी दाखवायचं असतं. दुखू नये म्हणून."

हे कारभारीच्या डोक्यात काही केल्या शिरेना. अंग मोडून पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, हा त्याच्या घराण्याचा शिरस्ता. तोही त्यांच्याबरोबर रिक्षात बसला, ते केवळ हा नवा प्रकार बघायला. वाटभर त्याचं चालूच होतं, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन चालले दवाखान्यात."

डॉक्टर होत्या रूथ. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या. भिंतीवर बायबलमधल्या वचनाचं कॅलेंडर, खाली गुळगुळीत हिरवी खुर्ची. नात त्या खुर्चीवर सराईतासारखी जाऊन पडली आणि सांगायच्या आत तिने आ केला. रूथबाईंनी छोटा आरसा आत घातला आणि दात मोजत त्या शेजारच्या मुलीला लिहायला सांगू लागल्या. कुठला दुधाचा, कुठला पक्का, कुठला हलतोय.

कारभारीचे कान टवकारले. कोपऱ्यातल्या बाकावरून तो न राहवून ओरडला, "आता हिचे समोरचे खालचे चार पक्के म्हनजे ही पोर चार दाती झाली म्हना की!"

पूजाचा चेहरा पडला. रूथबाईंनी मात्र तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि विचारलं, "म्हणजे काय आजोबा?"

मग काय विचारता. कारभारी उठला. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, त्याने हातवारे करून सगळं सांगितलं. बैल तिथे नव्हता एवढीच उणीव. रूथबाईंनी हातातली हत्यारं बाजूला ठेवून सगळं ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. शेवटी म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही माझ्याच धंद्यातले. आता या, बसा. तुमचं बघू."

"माझं काय बघायचं? माझं काय दुखत न्हाई."

"बैलाचं दुखतं म्हणून बघता का तुम्ही?"

बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करणारा कारभारी टोपी काढून मुकाट्याने खुर्चीत जाऊन पडला.

रूथबाईंनी पेनाएवढी एक नळी त्याच्या तोंडात धरली आणि समोरच्या पडद्यावर काहीतरी उगवलं. गुलाबी, ओलं, चकाकणारं. आधी त्याला ते काय आहे तेच कळेना. मग पडद्यावर जीभ हलली आणि त्याच वेळी त्याच्या तोंडातलीही हलली. तो दचकला. हे आपलंच! या तोंडाने त्याने सत्तर वर्षं भाकऱ्या खाल्ल्या, सौदे केले, शिव्या दिल्या, बाप गेला तेव्हा हंबरडा फोडला. एवढं सगळं जिथून आलं, ती जागा अशी दिसते होय? दातांच्या मागे, कुणाच्या नजरेला कधी पडू नयेत अशा ठिकाणी, हिरडीवरच्या बारीक रेघासुद्धा किती निगुतीने काढलेल्या होत्या. देवळातही त्याला इतकं गप्प व्हायला झालं नव्हतं.

"आजोबा," रूथबाई म्हणाल्या, "तुम्ही दोरी धरता का दातात? इथे, वरच्या सुळ्याला खाच पडलीय."

वेसण बांधताना दोन्ही हात गुंतलेले असतात. कासरा तो दातात धरायचा. पन्नास वर्षं.

"आणि दात काडीने घासता. बाभळीची असावी. घासता रोज, हे चांगलंय. पण आडवं आणि फार जोर लावून घासता, त्यामुळे हिरडीजवळ दात झिजलेत. डाव्या बाजूने चावत नाही तुम्ही. तिथली दाढ गार पाण्याने शिणशिणते, पण तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही. बरोबर?"

कारभारीने नळी बाजूला केली आणि उठून बसला. "बाई," तो म्हणाला, "माझी सत्तर वरसं वाचली तुमी. मला वाटायचं ही इद्या फकस्त मलाच येती."

पुढे रूथबाईंनी दात सोडून भलतीकडेच बघायला सुरुवात केली. कापडाच्या चिमटीत जीभ धरून तिच्या दोन्ही कडा, जिभेखाली, गालांच्या आत, ओठांच्या आत. इथे कुठे दात आहेत, असं त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दात किडला तर दात जातो. इथे काही निघालं आणि वेळेवर दिसलं नाही, तर माणूस जातो. तंबाखू खाता?"

"कधीच शिवलो न्हाई."

"घरात कुणी खातं? मिसरी लावतं?"

"आमची मंडळी लावती मिसरी. तीन टायमाला. पर ती दातं घासायलाच लावती, खात न्हाई."

पूजाने मान खाली घातली. रूथबाईंनी हातमोजे काढले. मिसरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तिने दात साफ होत नाहीत, तंबाखू हिरडीला आणि गालाला लागून राहते. मग त्यांनी विचारलं, "आजींना हल्ली तिखट झोंबतं का?"

कारभारीच्या डोळ्यांपुढे घरचं ताट आलं. तीनचार महिन्यांपासून त्याची बायको बनुबाई आपल्यापुरती भाजी आधी बाजूला काढायची, मिरची घालायच्या आत. चहा बशीत ओतून कितीतरी वेळ फुंकत बसायची. त्याने एकदा विचारलं, तर म्हणाली वय झालं. आणि जनावराने वैरण सोडली तर दुसऱ्या दिवशी तोंड उघडून बघणारा हा माणूस, 'वय झालं' ऐकून गप्प बसला होता.

"व्हय," तो म्हणाला. "झोंबतंय."

"तोंडात कुठे पांढरं, लाल असं काही आहे का त्यांच्या?"

"मला काय ठावं?"

"शेवटचं कधी बघितलंत त्यांचं तोंड?"

पन्नास वर्षं झाली होती लग्नाला. बनुबाई हसताना पदर तोंडावर धरायची, जांभई देताना भिंतीकडे वळायची, जेवायची ती सगळ्यांच्या मागून. कारभारीने आठवून आठवून बघितलं. त्याने तिचं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

रूथबाईंनी त्याला घाबरवलं नाही आणि धीराचं खोटंही बोलल्या नाहीत. काही नसेलही, म्हणाल्या. असेल तर सुरुवातीला बघितलेलं बरं होण्यासारखं असतं, उशीर झाला तर कठीण. आठपंधरा दिवसांत घेऊन या. आणि कसं बघायचं तेही त्यांनी त्याला दाखवलं. आधी ओठ उलटून, मग दोन्ही गाल, मग जिभेच्या कडा, मग जीभ वर करून खाली, शेवटी टाळू. उजेड भरपूर हवा. प्लॅस्टिकचा एक छोटा आरसा आणि मऊ केसांचे दोन ब्रश त्यांनी त्याच्या हातात दिले. "महिन्यातून एकदा घरी बघायचं, सहा महिन्यांनी इथे. तुम्हाला शिकवायला वेळ लागला नाही आजोबा, तुमची नजर तयार आहे."

दुपारच्या पारनेरच्या एस.टी.त कारभारी खिशातला आरसा चाचपत बसला होता.

घरी बनुबाई ओसरीवर वाकळ टाचत होती. त्याने चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगितलं. रूथबाई काय म्हणाल्या, मिसरी म्हणजे काय, तिखट का झोंबतं. बनुबाईने ऐकलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "माज्या तोंडाला काय धाड भरलीय? माजी आय मिसरी लावायची, आजी लावायची. नव्वदीला गेली आजी."

"तिखट झोंबतंय का न्हाई?"

"झोंबलं तर झोंबलं. परक्या बाईफुडं तोंड वासून बसू व्हय मी? काळी दातं दावीत?"

"मग मला दाव."

ती अशी बघायला लागली, जणू याने भर बाजारात तिला लुगडं सोडायला सांगितलं होतं. वाकळ गुंडाळून आत निघून गेली.

चार दिवस त्याने सांगितलं, समजावलं, पूजाकडून फोन करवला. बनुबाई हूं नाही की चूं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. कोवळं ऊन तिच्या गालावर आलं होतं, आणि काहीतरी पुटपुटताना तिचे ओठ किंचित उघडे होते. कारभारीच्या मनात काय आलं कोण जाणे. म्हणजे मनात काही आलंच नाही, तिथेच तर घोटाळा झाला. हात पन्नास वर्षांच्या सवयीचे. तो तिच्यामागून गेला, एका हाताने तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला.

बनुबाईने सूप फेकलं. तांदूळ अंगणभर झाले.

"बाजारातली गाय हाय का मी?" ती ओरडली. तिचा आवाज असा वर गेलेला त्याने कधी ऐकला नव्हता. "पन्नास वरसं राबली तुमच्या घरात, त्याचं हे? दातं मोजायला आला माजी? मोजा की! मोजा, आन किती उरलेत सांगा, आन हाकून द्या बाजाराला!"

कारभारी जागच्या जागी थिजला. अंगठा अजून वाकडाच होता. त्याने त्या अंगठ्याकडे बघितलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

दोन दिवस बनुबाई बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि त्याच्या अंगावरून पलीकडे बघायची. तिच्या ताटात पुन्हा बिनमिरचीचं कालवण. ती प्रत्येक घास उजव्या बाजूला नेऊन सावकाश चावते आणि गिळताना क्षणभर डोळे मिटते, हे त्याला आता दिसत होतं. दिसायला लागल्यावर ते न दिसणं जमेना. रूथबाईंनी दिलेल्या दिवसांतले आठ गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बनुबाईच्या समोर येऊन अंगणातच बसला. फरशीवर नाही, मातीत. तोंड उन्हाकडे केलं. तो प्लॅस्टिकचा आरसा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आधी तू बघ माजं."

"मला काय करायचंय?"

"बघ म्हंतो ना. मला तरी कुठं म्हाईत हुतं आत काय हाय ते. त्या बाईनं दावलं तवा कळलं. लई भारी असतंय, बनू. खरंच. बघ तरी."

बनू असं त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिला कधी म्हटलं नव्हतं. ती थोडा वेळ आरसा उलटसुलट करत राहिली. मग तिला हसू आवरेना, कारण सत्तर वर्षांचा तिचा धनी, ज्याच्यापुढे गावातली पोरं आवाज चढवत नाहीत, तो मातीत मांडी घालून आ करून बसला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. तिने पदर खोचला. वाकली. आरसा आत घातला.

सुरुवातीला ती नुसतीच "अगं बाई" म्हणाली. मग तिचं बोट त्याच्या सुळ्यावरच्या खाचेवर आलं.

"हे कासऱ्यानं ना? मी सांगायची, दातात धरू नका. आन ही दाढ काळी पडलीय. म्हनून गार ताक नगं म्हंता व्हय उन्हाळ्यात? मला वाटायचं, माज्या हातचं नगं झालं." ती आत आत बघत राहिली. "अवं, किती खोल हाय हे. जिभंखाली निळ्या निळ्या शिरा हायत. आपल्या वावराच्या नकाशावानी."

"पुरे झालं?" त्याने तोंड मिटून विचारलं.

"थांबा की. टाळू राहिली."

टाळूही बघून झाली. बनुबाईने आरसा पदराला पुसला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. अंगणातल्या चिमण्या परवाचे तांदूळ अजून टिपत होत्या. मग ती सरकली, जिथे ऊन पडलं होतं तिथे बसली, आरसा त्याच्याकडे दिला आणि डोळे मिटून तोंड उघडलं.

कारभारीने या वेळी हात लावला नाही. आधी विचारलं, "ओठ धरू?" तिने मान हलवल्यावर त्याने ओठ धरला, आणि बघितलं.

लाखो रुपयांच्या खिल्लारांच्या तोंडात त्याने जे कधी पाहिलं नाही ते त्याला तिथे दिसलं. खालच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध बारीक खाच होती. दोरा तोडून तोडून पडलेली. घरातल्या सगळ्यांच्या अंगावरच्या वाकळा त्या खाचेतून गेल्या होत्या. उजव्या बाजूच्या दाढा झिजून सपाट, डाव्या मात्र उंच उंच आणि कडेला चुन्यासारखा थर बसलेल्या. म्हणजे डावीकडून कितीतरी वर्षं चावलेलं नाही. उजवीकडच्या झिजल्या त्या शिळ्या, वाळून कडक झालेल्या भाकरीने. घरात ताजी भाकरी कुणाच्या ताटात जायची हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आणि डावीकडे खाली एक दाढ नव्हतीच. नुसतं खिंडार.

"ही कधी गेली?" त्याने विचारलं.

"हनुमंताच्या वेळंला. सातवा लागला हुता. लई ठनकायची. रात रात भिताडाला गाल लावून बसायची. मग शेजारच्या झुंबरबाईनं दोरा बांधून उपटली."

"आन मी?"

"तुमी घोडेगावला गेल्ता बैल घ्यायला. तीन दिसांनी आला. गाल सुजलेला हुता माजा, पर तुमी बैलाचंच सांगत बसला. लई चांगला बैल हुता तो. चार दाती."

ती हे तक्रारीने म्हणाली नाही. तो बैल चांगला होता म्हणूनच म्हणाली. कारभारीला तो बैल लख्ख आठवत होता. त्याच्या दातांवरचा रंगसुद्धा आठवत होता. सुजलेला गाल आठवत नव्हता. त्याचे डोळे भरून आले, पण त्याने ते पुसले आणि पुढे बघायला लागला, कारण त्याला सांगितलेलं काम अजून राहिलं होतं. ओठ झाले. उजवा गाल झाला. मग डावा गाल बाजूला केला, आणि त्या खिंडाराच्या शेजारी, जिथे ती रोज मिसरीची चिमूट दाबून ठेवायची, बरोबर तिथे त्याला तो दिसला. हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा चट्टा. कड लालसर. आरशाच्या टोकाने पुसला तरी न जाणारा.

"हाय का काय?" बनुबाईने तोंड उघडं ठेवूनच विचारलं.

खोटं बोलायची त्याला बाजारातही सवय नव्हती. "हाय," तो म्हणाला. "ल्हान हाय. उद्या जाऊ."

"तुमी बरोबर ऱ्हानार?"

"खुर्चीला धरून उभा ऱ्हातो."

आणि तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी बनुबाई हिरव्या खुर्चीत बसली तेव्हा तिने एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने कारभारीचं मनगट धरलं होतं. रूथबाईंनी चट्टा बघितला, फोटो काढला. पुण्याहून दर शनिवारी येणाऱ्या सर्जनकडून त्यातला कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत कारभारी एकाही बाजाराला गेला नाही. बनुबाईने मिसरीचा डबा दोनदा उकिरड्यावर फेकला आणि दोनदा उचलून आणला. तिसऱ्यांदा तो कारभारीने नेऊन विहिरीच्या पलीकडे पुरला आणि कुठे पुरला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

उत्तर आलं. चट्टा वाईट गोष्टीकडे निघालेला होता, पोचलेला नव्हता. रूथबाईंनी हेच शब्द वापरले. मिसरी पूर्ण बंद, दिलेलं औषध, सकाळी आणि झोपताना मऊ ब्रशने गोल गोल दात घासायचे, रोज तोंड बघायचं, महिन्याला येऊन दाखवायचं. बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. बघू या, म्हणाल्या.

मग त्या घराला एक नवंच वळण लागलं. सकाळी ऊन अंगणात आलं की दोघं समोरासमोर बसायची. आधी ती त्याचं बघायची, मग तो तिचं. पहिला पंधरवडा बनुबाईचं डोकं दुखायचं, ती उगाच भांडी आपटायची, आणि ब्रश म्हणजे घोड्याला खरारा करायची वस्तू आहे असं दिवसातून चार वेळा म्हणायची. शेजारची झुंबरबाई कुंपणाशी उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. महिन्याभराने तीही येऊन उन्हात बसली. "माजं बी बघा की भावजी," म्हणाली. कारभारीने आरसा गरम पाण्यात धुतला आणि तिलाही आधी विचारलं, "ओठ धरू?"

चट्टा हलला नाही. दुसऱ्या महिन्यात तसाच. कारभारीला अन्न गोड लागेना. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्याने आरसा आत घातला आणि पुन्हा बघितलं, मग डोळे चोळून पुन्हा. लालसर कड गेली होती. पण तो काही बोलला नाही, नजर लागेल म्हणून.

सहा महिन्यांनी रूथबाईंनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे पांढरा चट्टा. उजवीकडे तोच गाल, तीच जागा, आणि तिथे काही नाही. गुलाबी. ओलं. चकाकणारं. कारभारी पडद्याजवळ गेला, चष्मा वर सरकवला. जखम भरताना त्याने हजार वेळा पाहिली होती, बैलांच्या खांद्यावरची, खुरातली. पण माणसाचं शरीर असं अंधारात, कुणी न बघता, आपलं आपण सावरत राहतं हे त्याने पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं. त्याने नकळत पडद्याला हात जोडले. रूथबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "मलाही दर वेळी असंच वाटतं."

मग त्यांनी खिंडारावर बोट ठेवलं. "आजी, लक्ष ठेवायचंच आहे अजून, सहा महिन्यांनी यायचंच. पण आता सगळं चांगलंय. इथे दात बसवू या का?"

"बसवा," कारभारी लगेच म्हणाला. "चांगल्यातला चांगला बसवा."

बनुबाईने पडद्याकडे बघितलं. मोठ्या केलेल्या त्या चित्रात ती रिकामी जागा केवढी तरी दिसत होती.

"नगं," ती म्हणाली. "चालतंय माजं. चाळीस वरसं ती जागा रिकामी हुती, कुणाला ठावं नव्हतं. आता ह्यांनी इचारलंय तिचं. ऱ्हाऊ द्या तशीच."

कारभारीने खुर्चीचा दांडा धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

परत येताना पारनेरच्या गाडीत त्यांना पुढचं बाक मिळालं. गाडी शहराबाहेर निघाली तेव्हा ऊन समोरून काचेतून आत येत होतं. पुढच्या टेम्पोत एक बैल उभा होता आणि तो जीभ बाहेर काढून टेम्पोच्या फळीला चाटत होता. कारभारी सवयीने पुढे वाकून त्याच्या तोंडात बघायला लागला. बनुबाईने त्याला कोपर मारलं. "आता त्याला बी इचारा की, ओठ धरू का म्हनून," ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली. पदर खांद्यावरच राहिला. तोंडावर घ्यायचा असतो हे ती विसरली होती. दोरा तोडून पडलेली खाच, झिजलेल्या दाढा, हनुमंताच्या वेळचं खिंडार, सगळं भर उन्हात दिसत होतं.

कारभारी बघत राहिला. तोंड उघडं दिसलं आणि त्याने आतले दात मोजले नाहीत, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.